सही कोणाची, निकाल कोणावर

१९९९ साली न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या कुटुंब न्यायालयापुढे एक अर्ज आला. मूल कोणाकडे राहणार आणि दुसऱ्या पालकाने त्याला कधी भेटायचे, याचा निकाल आधीच लागला होता आणि तो रद्द करून हवा होता. हा निकाल लागला होता ‘जज जूडी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात. दोघेही तिथे गेले होते ते वस्तूंच्या मालकीच्या वादासाठी. वस्तूंचा निवाडा झाला आणि त्याच ओघात, त्याच कॅमेऱ्यांसमोर, मुलाच्या ताब्याचाही झाला. कुटुंब न्यायालयाने दोघांनी सही केलेला करार पाहिला. वस्तूंच्या वादापुरता लवाद त्यात मान्य केलेला होता, मुलाचा विषय नव्हता. मुलाबद्दलचा भाग न्यायालयाने रद्द ठरवला.

छोट्या पडद्यावरच्या न्यायालयांचा आढावा या करारापासूनच सुरू करायला हवा. प्रेक्षकाला दिसतो तो काळा झगा, उंच आसन, मागचा राष्ट्रध्वज आणि शेवटी पडणारा हातोडा. पण त्या उंच आसनाला अधिकार मिळतो तो पडद्यामागे सही झालेल्या लवाद-करारातून. अमेरिकेत १९२५ पासून लवादाचा केंद्रीय कायदा आहे. दोघा पक्षांनी मिळून एखाद्याला लवाद नेमले आणि त्याचा निवाडा बंधनकारक मानायचे ठरवले, तर खरी न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत. लवाद कोणीही असू शकतो. निवृत्त न्यायाधीश असला तर उत्तमच, पण तशी अट नाही. म्हणजे पडद्यावरचे न्यायालय हे न्यायालय नसते, आणि तरीही तिथला निकाल काही अंशी खरा असतो. या कार्यक्रमांची सगळी गंमत आणि सगळा धोका याच मधल्या जागेत आहे.

सुरुवातीला तेवढेही खरे नव्हते. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डिव्होर्स कोर्ट’ सुरू झाले, तेव्हा नवरा-बायको म्हणून उभे राहणारे नट असत. खटल्यांवरून बेतलेली नाटुकली म्हणूनच लोक ती बघत. त्याच सुमाराला ‘ट्रॅफिक कोर्ट’ही आले. न्यायालयाचा एकच देखावा, दोन माणसे, एक भांडण आणि एका बैठकीत शेवट, एवढ्यावर कार्यक्रम उभा राहत होता. स्वस्तात होणारे आणि रोज दाखवता येणारे नाटक वाहिन्यांना हवेच होते.

खरे वळण आले ते १४ सप्टेंबर १९८१ रोजी. त्या दिवशी ‘द पीपल्स कोर्ट’ सुरू झाले आणि आसनावर बसले जोसेफ वॉपनर. हे गृहस्थ कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत दोन दशके खरोखर न्यायाधीश होते. कार्यक्रमाचे लोक छोट्या रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयातले खरे दावे शोधत. तिथे वकील लागत नाही आणि दाव्याच्या रकमेला मर्यादा असते. त्या वेळी कॅलिफोर्नियात ती दीड हजार डॉलर होती. दोन्ही पक्षकारांना विचारले जाई : तिथला दावा मागे घेऊन आमच्याकडे याल का? हो म्हटले की सही. मग संगीत सुरू होई, दार उघडे, वादी आत येई आणि निवेदकाचा आवाज सांगे, ही माणसे नट नाहीत.

दावे कसले असत? धोब्याने खराब केलेला कपडा, परत न केलेली अनामत, शेजाऱ्याच्या कुत्र्याने केलेले नुकसान. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत ज्यावरून आवाज चढतात, तसलेच हे विषय. वॉपनर दोघांचे ऐकून घेत, कागद बघत, क्वचित चिडत आणि थोडा वेळ आत जाऊन निकाल घेऊन येत. पुढे सगळ्यांत मोलाची जागा येई. बाहेरच्या मार्गिकेत कार्यक्रमाचे सूत्रसंचालक डग लेवेलिन माइक घेऊन उभे असत आणि हरलेल्याला विचारत, तुम्हाला काय वाटले? खऱ्या न्यायालयात हरलेल्या माणसाला असे कोणी विचारत नाही. तो पायऱ्या उतरतो, वकिलाशी दोन शब्द बोलतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. लेवेलिन यांच्यासमोरच्या त्या अर्ध्या मिनिटात हरलेला माणूस चडफडत का होईना, आपली बाजू पुन्हा एकदा मांडून घरी जाई. भांडण विझायला याचा उपयोग होतो, हे आपल्या गावातल्या जुन्याजाणत्या पंचांनाही ठाऊक होते.

लेवेलिन शेवटी प्रेक्षकांना सांगत, कायदा हातात घेऊ नका, कोर्टात जा. आपल्याकडची म्हण याच्या नेमकी उलट आहे : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दोन्हीकडे अनुभवच बोलतो आहे. वकिलाशिवाय दीड हजार डॉलरपर्यंतचा वाद मांडता येतो, हे असंख्य अमेरिकनांना कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, वॉपनरांनी शिकवले. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटात डस्टिन हॉफमनचे पात्र हा कार्यक्रम चुकू नये म्हणून कासावीस होते, इतका तो घराघरांत पोचला होता. १९८९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एक पाहणी केली. वॉपनर कोण हे निम्म्याहून अधिक लोकांना सांगता आले. देशाचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांचे नाव दहा टक्क्यांनाही आले नाही.

या आकड्यांवरून लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. रेनक्विस्ट यांच्या न्यायालयात कॅमेरा नव्हता, आजही नाही. माणूस ज्याला पाहतो त्यालाच ओळखतो.

वॉपनरांचा कार्यक्रम १९९३ मध्ये थांबला आणि तीन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९९६ रोजी, ज्यूडिथ शाइंडलिन आल्या. न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयात त्या न्यायाधीश होत्या आणि तडकाफडकी कामासाठी प्रसिद्ध होत्या. १९९३ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ने त्यांच्यावर वृत्तांत केला आणि तिथून ‘जज जूडी’ची वाट निघाली. कार्यक्रम २५ वर्षे, २०२१ पर्यंत चालला. भरात असताना रोज सुमारे एक कोटी लोक तो बघत. चौकट वॉपनरांचीच होती, दाव्याची मर्यादा पाच हजार डॉलर. बदलला तो सूर. वॉपनर आधी ऐकत आणि मग बोलत. शाइंडलिन पहिल्या मिनिटापासून बोलत. पक्षकार अडखळला की त्याला तोडत, खोटे बोलतोस म्हणत, त्याच्या कपड्यांवर, शिक्षणावर, वागण्यावर शेरे मारत. न्यायाधीशाने असे वागू नये, असे वॉपनर यांनी जाहीरपणे सांगितले. वॉपनर २०१७ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारले, तोवर त्यांची बाजू पडद्यावरून केव्हाच मागे पडली होती.

वॉपनर यांचे म्हणणे योग्यच होते. तरीही शाइंडलिन यांच्या लोकप्रियतेत निव्वळ क्रूरता पाहणे अन्यायाचे होईल. त्या झटपट निकाल देत. पळवाटा काढणाऱ्या माणसाला ‘हो की नाही’ एवढेच विचारत. उधार घेऊन फिरकलाही नाही अशा नातेवाइकाने छळलेल्या कुणालाही तो क्षण गोड वाटणारच. ज्याला आयुष्यात कोणी जाब विचारला नाही, त्याला कोणीतरी विचारते आहे, हे पाहायला लोक बसत. मात्र ऐकून घेणे हा न्यायाचा भाग आहे, ही गोष्ट त्या घाईत हरवली. कायदा आणि माध्यमांच्या अभ्यासक किंबर्लियान पॉडलस यांनी जूरीच्या कामासाठी बोलावलेल्या लोकांशी बोलून २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. असे कार्यक्रम नेमाने बघणाऱ्यांना वाटत होते की न्यायाधीशाने खरमरीत प्रश्न विचारावेत आणि आपले मत उघड दाखवावे. आणि न्यायाधीश गप्प असला तर? त्या गप्प राहण्याचाही ते अर्थ लावत होते. खऱ्या न्यायालयात न्यायाधीशाचे मौन म्हणजे निःपक्षपात. तोच गुण या प्रेक्षकाला संशयास्पद किंवा सूचक वाटू लागला होता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका शैक्षणिक संस्थेच्या पाहणीत जवळपास दहा टक्के पदवीधरांनी ज्यूडिथ शाइंडलिन सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत असे सांगितले. ही मात्र काळजीचीच गोष्ट आहे.

पैशाचा हिशेब पाहिला की चित्र आणखी स्पष्ट होते. शाइंडलिन यांना वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर मिळत आणि त्यासाठी चित्रीकरण होई ५२ दिवस. त्याच सुमारास अमेरिकेच्या सरन्यायाधीशांचा वर्षाचा पगार साधारण २ लाख ६० हजार डॉलर होता. पक्षकारांचा विमानप्रवास, मुक्काम आणि मानधन कार्यक्रमाकडून, आणि निकालाची रक्कमही कार्यक्रमाच्याच तिजोरीतून. म्हणजे हरलेल्याच्या खिशातून काही जात नसे. बाकांवर बसलेले श्रोते रोजावर आणलेले. पार्श्वभूमीला न्यूयॉर्क आणि चित्रीकरण हॉलिवूडच्या स्टुडिओत.

हरणाऱ्याचे पैसे जात नाहीत म्हटल्यावर पुढे काय होणार, हे ओळखणे अवघड नव्हते. २०१० मध्ये काही मित्रांनी मिळून एक दावा रचला. टीव्ही संच पाडून एकाने दुसऱ्याचे मांजर मारले, अशी ती कथा. निकाल लागला, एक हजार डॉलर मंजूर झाले, मानधन मिळाले, फुकटात प्रवासही झाला. २०१३ मध्ये त्यांनीच हे उघड केले. गंमत म्हणून लोक हसले. पण समोरचा खरे बोलतो की खोटे हे आपल्याला लगेच कळते, या एका विश्वासावर ज्या आसनाची सगळी पत उभी होती, त्या आसनाला हे मांजर कळले नव्हते.

युरोपात ही वाट थोडी वेगळी गेली, आणि अभ्यासायला ती जास्त उपयोगी आहे. इंग्लंडच्या न्यायालयांत छायाचित्रण करायला १९२५ च्या फौजदारी न्याय कायद्याने मनाई होती. जर्मनीत सुनावणीचे प्रक्षेपण १९६४ पासून बंद. खऱ्या न्यायालयाचे दार कॅमेऱ्याला बंद, आणि आत काय चालते याची उत्सुकता लोकांना आहेच. ती जागा नाटकाने भरून काढली. जर्मनीच्या सार्वजनिक वाहिनीवर १९६१ ते १९७८ पर्यंत दूरचित्रवाणीचे न्यायालय भरत असे. इंग्लंडमध्ये ग्रॅनाडा वाहिनीचे ‘क्राउन कोर्ट’ १९७२ ते १९८४ या काळात दुपारी लागे. गाव काल्पनिक, खटला काल्पनिक, वकील आणि न्यायाधीश नट, पण जूरी खरी. मतदारयादीतून आणलेली साधी माणसे बाकांवर बसत आणि खरोखर आपापसांत ठरवून दोषी की निर्दोष ते सांगत. निकाल काय लागेल हे आधी ठाऊक नसल्याने शेवट दोन्ही तऱ्हांनी तयार ठेवावा लागे. नटांच्या संघटनेच्या नियमामुळे बोलणारा जूरीप्रमुख तेवढा नट असे. या सगळ्या प्रकारात सर्वांत प्रामाणिक कार्यक्रम कोणता, असे विचारले तर बोट याच्याकडे करावे लागेल. कारण काय खोटे आहे हे तो लपवत नव्हता, आणि जे खरे होते, म्हणजे सामान्य माणसांचा निर्णय, त्याला हात लावत नव्हता.

जर्मनीतली पुढची गोष्ट उलट दिशेची आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये सात-आइन्स वाहिनीने हॅम्बुर्गच्या न्यायाधीश बार्बारा झालेश यांना घेऊन कार्यक्रम सुरू केला. आधी अमेरिकेसारखेच खरे छोटे दावे, खरा लवाद. प्रेक्षक फिरकेनात. वर्षभराने खरे दावे बंद झाले आणि रचलेले फौजदारी खटले आले. आरोपी आणि साक्षीदार हौशी नट, मात्र न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचावाचे वकील खरोखरचे विधिज्ञ. साक्षीदार ऐनवेळी दार उघडून आत येऊ लागले, कबुलीजबाब रडून होऊ लागले आणि कार्यक्रम तुफान चालला. २०१२ पर्यंत तो टिकला आणि २०२२ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परतला. खरी भांडणे कंटाळवाणी ठरली आणि खोटी खरी वाटली, हे जर्मन प्रेक्षकाने एका वर्षात सिद्ध केले. त्याच लाटेतले दुसरे पडद्यावरचे न्यायाधीश अलेक्झांडर होल्ड पुढे राजकारणात गेले आणि २०१७ मध्ये त्यांनी जर्मनीच्या अध्यक्षपदाची निवडणूकही लढवली. झग्याची पुण्याई किती दूर पोचते ते यातून कळते.

इटलीत ‘फोरम’ हा कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. मार्च २०११ मध्ये त्यात एक बाई आली आणि आपण लाक्विलाच्या भूकंपातून वाचलेली रहिवासी आहोत असे सांगून घरे पुन्हा बांधल्याबद्दल सरकारचे गुणगान करून गेली. ती लाक्विलाची नव्हती. ३०० युरो घेऊन ती भूमिका करत होती. पंतप्रधान होते सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी आणि वाहिनीही त्यांच्याच उद्योगसमूहाची. लाक्विलात २००९ च्या त्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे गेली होती आणि शहराचा मध्य तेव्हाही मोडकळीसच होता. तिथल्या लोकांचा संताप उसळला. भूकंपग्रस्त म्हणून कोणी काय बोलावे, याचा अधिकार त्या लोकांनी कोणाला दिला नव्हता. ब्रुकलिनच्या मुलाप्रमाणेच त्यांचीही कुठल्या कागदावर सही नव्हती.

आपल्याकडे अभिरूप न्यायालय दूरचित्रवाणीच्या आधीपासून ओळखीचे आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, सुलभा देशपांडे यांची बेणारे. एक हौशी मंडळ जनजागृतीसाठी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात आलेले असते. रात्रीच्या खऱ्या प्रयोगात आरोपी असणार अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन. पण दुपारी वेळ काढायला खेळ म्हणून दुसरा खटला उभा करतात आणि आरोपी करतात आपल्यातल्याच बेणारेबाईंना. खेळता खेळता त्यांचे सगळे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते. न्यायाधीश झालेले काशीकर तर आसन सोडून स्वतःच साक्ष द्यायला उतरतात. वॉपनर यांच्या आधी चौदा वर्षे आणि शाइंडलिन यांच्या आधी एकोणतीस वर्षे तेंडुलकरांनी या प्रकारातला मर्माचा दोष मराठी प्रेक्षकासमोर ठेवला होता : न्यायाधीशाचे आसन खेळातले असले, तरी समोरच्याला होणारी जखम खेळातली नसते. आणि बेणारेने त्या खेळाला होकार दिलेलाच नव्हता.

भारतीय वाहिन्यांवर न्यायालयाचा देखावा रुजला तो १९९३ मध्ये, झी टीव्हीवरच्या ‘आप की अदालत’मुळे. रजत शर्मा वकिलाच्या जागी, पाहुणा कठड्यात, एक नामवंत व्यक्ती न्यायाधीशाच्या खुर्चीत. पहिले पाहुणे लालूप्रसाद यादव. बाळासाहेब ठाकरेही त्या कठड्यात बसले. हा कार्यक्रम वाहिन्या बदलत आजही चालू आहे. खोलात पाहिले तर ही न्यायालयाचे कपडे घातलेली मुलाखत आहे. ‘तुमच्यावर आरोप आहे’ असे म्हटले की एरवी बोचरा वाटणारा प्रश्न विचारायला सोपा जातो आणि पाहुण्यालाही उत्तर देताना उसने अवसान आणावे लागत नाही. निकाल बहुधा पाहुण्याच्या बाजूनेच लागतो, त्यामुळे न्यायाधीश इथे शोभेपुरता. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण कठड्यातला माणूस सार्वजनिक जीवनातला आहे, आपल्या पायांनी आला आहे आणि तिथून उठून तो पुन्हा आपल्या सत्तेकडे जाणार आहे.

घरगुती वाद पडद्यावर आले तेव्हा प्रकरण नाजूक झाले. डिसेंबर २००८ मध्ये स्टार प्लसवर ‘आप की कचहरी’ सुरू झाली. आसनावर किरण बेदी. कचहरीचीच बहीण कचेरी मराठीत सरकारी कार्यालयापुरती उरली आहे, पण ‘कोर्टकचेरी’ या जोडशब्दात तिचा जुना अर्थ आणि जुनी धास्ती दोन्ही टिकून आहेत. बेदी न्यायाधीश नव्हत्या, पोलीस अधिकारी होत्या, आणि तिथे चाले ती समजूत घालणे, दटावणे, तोडगा काढणे. सासू-सून, भाऊ-भाऊ, नवरा-बायको. कित्येकांना तिथे पहिल्यांदाच कोणीतरी शांतपणे ऐकणारे भेटले असेल, हे नाकारता येत नाही. तमिळमध्ये झी तमिळवरचा ‘सोल्वदेल्लाम उण्मै’ हा कार्यक्रम याच जातीचा होता. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रसारण थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. लोकांच्या खासगी आयुष्याचा बाजार आणि समांतर न्यायालय, असे आक्षेप त्यावर होते.

भारताचा कायदा या बाबतीत अमेरिकेहून सावध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘बूझ अ‍ॅलन’ खटल्यात लवादाकडे काय नेता येत नाही याची यादीच दिली : फौजदारी गुन्हे, घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांसारखे वैवाहिक वाद, पालकत्व, मृत्युपत्र, दिवाळखोरी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार असे दावे बंद दाराआड चालतात आणि त्यांतला तपशील छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदा ठरते. काळजी आणि संरक्षणाच्या कक्षेत आलेल्या मुलाची ओळख उघड करायलाही बाल न्याय कायद्याची मनाई आहे. म्हणजे खरे न्यायालय ज्या वादांसाठी कॅमेरा बाहेर ठेवते, नेमके तेच वाद पडद्यावरच्या न्यायालयाला सर्वांत जास्त हवे असतात. सज्ञान माणसाने स्वतःपुरती सही केली तर ठीक. पण नवरा-बायकोच्या भांडणाची गोष्ट सांगताना तिच्यात मूल येतेच, गावाकडची आई येते, शेजारीण येते. उद्या शाळेत त्या मुलाला ‘तुझे पप्पा टीव्हीवर रडले’ असे कोणी म्हणाले, तर त्याचे उत्तर कोणत्या करारात आहे?

खरे न्यायालय कसे चालते, हे बघायचे असेल तर तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात सकाळी जाऊन बसावे. भिंतीवर बोर्ड लागलेला असतो, व्हरांड्यात लोक आपला नंबर शोधत असतात. पट्टेवाला पुकारा करतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून मराठीत उत्तर देतो. न्यायाधीश ते ऐकून वाक्य बांधतात, टंकलेखकाला सांगतात, कळफलक वाजतो, साक्षीदार थांबतो. मग उलटतपासणीचा पुढचा प्रश्न. एका तासात दोन पानेही होत नाहीत. हातोडा कुठेही नसतो. ‘ऑर्डर, ऑर्डर’ हे सिनेमातले. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटाने हा संथपणा, ही सांगून टंकलेली वाक्ये, ही पुढची तारीख जशीच्या तशी दाखवली. त्या संथपणात त्रास आहे आणि संरक्षणही आहे. साक्षीदाराने जे म्हटले तेच कागदावर यावे, समोरच्याला ते खोडून काढायची संधी मिळावी, चूक झाली तर वरच्या न्यायालयाला ती पाने वाचता यावीत, यासाठी तो वेळ जातो. पडद्यावर अपील नाही, म्हणून तिथे पानेही लागत नाहीत.

पण त्रास खराच आहे. देशभरात पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत. बापाने घातलेल्या दाव्यात मुलगा तारखेला उभा राहतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या खुर्चीकडे माणूस ओढला जातो तो या तारखांना कंटाळून. त्याला दोष देण्याआधी त्या तारखांचा विचार व्हायला हवा.

दरम्यान खऱ्या न्यायालयांनीच कॅमेऱ्याला थोडे दार उघडले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. वैवाहिक वाद आणि लैंगिक अत्याचारांचे खटले त्यातून वगळावेत, हेही त्याच वेळी पुढे आले. घटनापीठांच्या सुनावणीचे नियमित प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर होता महाराष्ट्रातल्या सत्तांतराचा, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे यांच्या गटांमधला वाद. पीठाच्या अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. दहावी अनुसूची, अध्यक्षांचे अधिकार, राज्यपालांचा विवेक यांवर तासन्‌तास चाललेला युक्तिवाद चहाच्या टपरीवर मोबाइल टेकवून लोकांनी ऐकला. निकाल ११ मे २०२३ रोजी आला. आवाज चढत नव्हते, कोणी रडत नव्हते, तरी लोक बघत होते. खरी भांडणे कंटाळवाणी ठरतात, हा जर्मन वाहिनीचा निष्कर्ष इथे तरी खोटा ठरला. माणसाला आपला संबंध कळला की तो कलमेही ऐकतो.

या प्रक्षेपणांतूनही वीस-तीस सेकंदांचे तुकडे कापून फिरवले जातात : न्यायाधीश वकिलाला झापतात तेवढे, अधिकाऱ्याला सुनावतात तेवढे. परवानगीशिवाय असे तुकडे वापरायला नियमांनी बंदी आहे, तरी ते रोज मोबाइलवर येतात. तासाभराच्या सुनावणीतून शाइंडलिन यांचा सूर तेवढा वेगळा काढून घेण्याचा हा उद्योग आहे, आणि त्याला भुलून न्यायाधीशच तुकड्यासाठी बोलू लागले तर नुकसान न्यायालयाचे होईल.

लवकर निकाल आणि शांतपणे ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याशिवायही मिळू शकतात. गुजरातमध्ये तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे मार्च १९८२ मध्ये पहिली लोकअदालत भरली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला पाया दिला. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथेही आसनाचा मोह सुटला नाही. लोकअदालतीचे सदस्य न्यायाधीशासारखे गुणदोषांवर निकाल देऊ लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात खडसावून सांगितले की लोकअदालतीला निकाल द्यायचा अधिकारच नाही. दोघांत तडजोड झाली तर ती कागदावर आणायची, न झाली तर प्रकरण परत न्यायालयात पाठवायचे.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारात टेबले मांडलेली असतात. कुठे बँकेचे थकलेले कर्ज, कुठे अपघाताची भरपाई, कुठे बांधावरून झालेली भाऊबंदकी. पॅनेलवरचे न्यायाधीश आणि वकील समोरासमोर बसून रकमेवर बोलतात, एक भाऊ उठून बाहेर जातो, बायकोशी बोलून परत येतो. ठरले की मसुदा वाचून दाखवला जातो. मग कागद आधी एकाकडे सरकतो, मग दुसऱ्याकडे. लिहिता न येणारा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतो. पॅनेलची सही त्याच्या खाली होते, सगळ्यांत शेवटी.